गव्हाच्या ओंबीतील आकडा : पीक अंदाजावर कोणी, किती विसंबावे?

चेन्नई शहरातील मैलापूर भागात, कपालीश्वर मंदिराभोवतीच्या माडा वीथींमध्ये पहाटेपासून उपाहारगृहांच्या भट्ट्या पेटतात. रवा डोसा, उपमा, पुरी आणि गव्हाच्या चिकाचा हलवा हे पदार्थ तेथे नित्याचे आहेत. मात्र त्यासाठी लागणारा गहू तमिळनाडूत व्यापारी प्रमाणावर पिकत नाही. तो मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा दूरच्या राज्यांतून रेल्वेने येतो, रोलर फ्लोअर मिलमध्ये दळला जातो आणि रवा, मैदा, आटा होऊन दुकानात पोहोचतो. फेब्रुवारी महिन्यात नवी दिल्लीतून जाहीर होणाऱ्या एका आकड्याकडे दक्षिणेतील या गिरण्यांचे डोळे लागलेले असतात. उभ्या पिकातून यंदा किती गहू निघेल, याचा तो सरकारी अंदाज असतो.

हा आकडा चुकला तर काय घडते, याचा अनुभव देशाने एकापेक्षा अधिक वेळा घेतला आहे. २००५-०६ च्या हंगामात गव्हाचे उत्पादन प्रारंभीच्या अपेक्षेपेक्षा कमी, ६९३ लाख टनांच्या आसपास राहिले. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे १४८ लाख टनांवरून ९२ लाख टनांवर आली. स्वयंपूर्णतेचा अभिमान बाळगणाऱ्या देशाला गहू आयात करावा लागला. सुरुवातीची ५ लाख टनांची निविदा दक्षिणेकडील राज्यांची गरज समोर ठेवून काढण्यात आली होती आणि तो गहू ऑस्ट्रेलियातून आला. पुढे त्या वर्षातील आयात सुमारे ५५ लाख टनांवर गेली. त्या वेळी केंद्रीय कृषिमंत्रिपद शरद पवार यांच्याकडे होते. विदेशी गव्हाचा दर्जा आणि किंमत यांवरून संसदेत व संसदेबाहेर उठलेले वादळ अनेक वाचकांच्या स्मरणात असेल.

त्यानंतरचा मोठा धक्का २०२२ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत १,११३ लाख टन अशा विक्रमी उत्पादनाचा अंदाज जाहीर झाला. युक्रेन युद्धामुळे जागतिक बाजारात गव्हाचे भाव चढले होते आणि भारत जगाची गरज भागवू शकेल, अशी भाषा सुरू झाली होती. मात्र तो मार्च महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वाधिक उष्ण मार्च ठरला. मे महिन्यात अंदाज १,०६४ लाख टनांवर आणण्यात आला. खासगी व्यापाऱ्यांचे अंदाज त्याहून बरेच खाली, ९५० ते १,००० लाख टनांच्या दरम्यान होते. १३ मे २०२२ रोजी निर्यातीवर बंदी आली. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांपर्यंत घसरली. या घसरणीस केवळ उष्णता कारणीभूत नव्हती. निर्यातदारांनी हमीभावापेक्षा चढा भाव दिल्याने बराच गहू सरकारी केंद्रांकडे फिरकलाच नाही, हेही नमूद करावयास हवे. पण निर्यातीचे धोरण ज्या आकड्याच्या आधारावर उभे होते, तो आकडाच तीन महिन्यांत जवळपास ५० लाख टनांनी खाली आला, ही वस्तुस्थिती उरतेच.

ओंबी मोजली, दाणा मोजायचा राहिला

उभ्या पिकाचा अंदाज बांधण्यात नेमकी अडचण कोठे आहे, हे समजून घेण्यासाठी थोडे शेतात उतरावे लागेल. गव्हाचे उत्पादन तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते. एका चौरस मीटरमधील ओंब्यांची संख्या, एका ओंबीतील दाण्यांची संख्या आणि दाण्याचे वजन. दाण्याचे वजन सामान्यतः हजार दाण्यांमागे ग्रॅममध्ये सांगितले जाते.

उदाहरणादाखल असे धरू, की चांगल्या बागायती शेतात दर चौरस मीटरला ३५० ओंब्या आहेत, दर ओंबीत ३५ दाणे आहेत आणि हजार दाण्यांचे वजन ३८ ग्रॅम भरते. गुणाकार केल्यास चौरस मीटरला सुमारे ४६५ ग्रॅम, म्हणजेच हेक्टरी साधारण साडेसेहेचाळीस क्विंटल गहू निघतो. आता ओंब्या तितक्याच, दाणेही तितकेच, पण दाणा भरण्याच्या काळात ऊन वाढले आणि हजार दाण्यांचे वजन ३२ ग्रॅमवर आले असे समजा. उत्पादन ३९ क्विंटलच्या आसपास उतरते. घट जवळपास सोळा टक्क्यांची, आणि बांधावरून पाहणाऱ्याला दोन्ही शेते सारखीच दिसतात!

२०२२ च्या फेब्रुवारीत पीक खरोखरच उत्तम होते. फुटवे भरपूर होते, ओंब्या टपोऱ्या होत्या. पाहणी करणाऱ्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. उत्तर भारतात गव्हाचा दाणा चिकाच्या अवस्थेतून पक्व होण्याचा काळ मार्च महिन्यात येतो आणि त्याच वेळी पारा चढला. त्यामुळे दाणा सुरकुतला. फेब्रुवारीच्या पाहणीला मार्चचे ऊन दिसणे शक्य नव्हते. त्यामुळे दोष पाहणीचा म्हणण्यापेक्षा, त्या पाहणीतून निघालेली एकच संख्या निश्चित सत्य म्हणून मिरविण्याचा होता, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

महाराष्ट्रात हे गणित आणखी नाजूक आहे. येथील हिवाळा आखूड असतो. पेरणी नोव्हेंबरात होते आणि फेब्रुवारी सरता सरता उन्हाची चाहूल लागते. वेळेवर होणाऱ्या बागायती पेरणीसाठी १५ नोव्हेंबरपर्यंतचा काळ योग्य मानला जातो. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट येते, असे राज्यातील कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत सांगितलेले असते. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या संशोधन केंद्रातून निघालेले त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हे वाण किंवा उशिरा पेरणीसाठीचा निफाड ३४ हा वाण, तसेच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे वाण, हे सारे या आखूड थंडीशी जुळवून घेण्याचेच प्रयत्न होत. तरीही राज्याची सरासरी हेक्टरी वीस क्विंटलच्या आत-बाहेरच राहते. पंजाबची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात हिवाळी गव्हाची पाहणी दरवर्षी मे महिन्यात एका वेगळ्या पद्धतीने केली जाते. गिरणीमालक, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि पत्रकार मोटारींतून ठरलेल्या मार्गांनी तीन दिवस फिरतात, शेताशेतात थांबून ओळीतील फुटवे मोजतात आणि सूत्राच्या आधारे एकरी उत्पादन काढतात. २०२३ च्या दुष्काळात या पाहणीने एकरी ३० बुशेल, म्हणजे हेक्टरी सुमारे वीस क्विंटल, असा अंदाज दिला. गेल्या वीसहून अधिक वर्षांतील तो नीचांक होता. प्रत्यक्षात पीक ३५ बुशेलच्या आसपास निघाले. म्हणजे तेथेही अंदाज चुकतो. फरक इतकाच, की सरकारी अंदाजासोबत दुसरा एक स्वतंत्र अंदाज बाजारासमोर असतो आणि कोणाचा किती चुकला हे सर्वांना दिसते. कॅन्ससचा दुष्काळातील उतारा आणि महाराष्ट्राचा सर्वसाधारण वर्षातील उतारा जवळपास सारखा असावा, हा योगायोग मात्र आपल्याला सुखावणारा नाही.

भारतातही असा दुसरा आवाज आता उमटू लागला आहे. रोलर फ्लोअर मिलच्या देशव्यापी महासंघाने स्वतःची क्षेत्रीय पाहणी करवून घेण्यास सुरुवात केली. २०२३ मध्ये सरकारचा अंदाज १,१२७ लाख टनांचा असताना महासंघाने १,०१० ते १,०३० लाख टनांचा आकडा मांडला. २०२४ मध्ये सरकारचा अंदाज १,१२९ लाख टन होता, तर महासंघाच्या पाहणीत १,०५८ लाख टन निघाले. गिरणीमालकांना आयात हवी असते, शुल्ककपात हवी असते. त्यामुळे त्यांचा आकडा खाली झुकण्यात त्यांचा स्वार्थ आहे, हे मान्य करावे लागेल. गव्हावरील आयात शुल्क २०१९ मध्ये ४० टक्के करण्यात आले आणि दक्षिणेकडील गिरण्यांनी ते कमी करण्याची मागणी सातत्याने केली. पण सरकारी आकड्याच्या बाजूनेही सारे काही ठीक होते असे नाही. विक्रमी उत्पादनाचे दावे होत असताना जून २००८ नंतरच्या दीर्घ कालखंडानंतर प्रथमच, म्हणजे जून २०२३ मध्ये, गव्हावर साठा मर्यादा लादावी लागली. १ एप्रिल २०२४ रोजी केंद्राच्या साठ्यात अवघा ७५ लाख टन गहू होता. सोळा वर्षांतील हा नीचांक आवश्यक राखीव साठ्याच्या जेमतेम बरोबरीचा होता. गहू इतका पिकला, तर तो गेला कोठे, हा प्रश्न बाजाराने विचारला आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

पांडुरंग सुखात्मे आणि एक चौकोन

हा वाद नवा नाही. भारतात गव्हाच्या पिकाचा अंदाज काढण्याची सुरुवात १८८४ मध्ये झाली. त्यापूर्वीच्या भीषण दुष्काळांनंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाने शेतीविषयक आकडेवारीची गरज अधोरेखित केली होती. पुढे अनेक दशके हे अंदाज मुख्यतः नजरेने काढले जात. महसूल कर्मचारी पिकाकडे पाहून ते रुपयात किती आणे आहे, हे ठरवीत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आणेवारी हा शब्द त्यातूनच आला. पुढे आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली, पण पन्नास पैशांच्या आत की बाहेर, या प्रश्नावर महाराष्ट्रातील गावांचे दुष्काळी भवितव्य अनेक वर्षे अवलंबून राहिले.

नजरेचा हा दोष दूर करण्यासाठी १९२० च्या दशकात जे. ए. हबॅक या अधिकाऱ्याने बिहार व ओरिसा प्रांतात भातपिकाचे यादृच्छिक नमुने घेऊन कापणी करण्याचे प्रयोग केले. परंतु या पद्धतीला अखिल भारतीय स्वरूप देण्याचे श्रेय मुख्यतः दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांकडे जाते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे हे ते दोघे. फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेलेले सुखात्मे १९४० मध्ये कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले. पानसे यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडात कापसाच्या उत्पादनाचे नमुना सर्वेक्षण केले होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने धान्याच्या आकड्यांची दैना जगासमोर उघडी पाडली होती. त्यानंतरच्या काही वर्षांत या दोघांनी गहू आणि भात यांच्या पीक कापणी प्रयोगांचे जाळे प्रांतोप्रांती विणले. मद्रास इलाख्यात भाताचे, तर संयुक्त प्रांत व पंजाबात गव्हाचे प्रयोग झाले. त्यांचे कृषी संख्याशास्त्रावरील संयुक्त पाठ्यपुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि कृषी महाविद्यालयांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या.

त्या काळात कलकत्त्याच्या प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी सुखात्मे यांचा झालेला वाद आजही उद्बोधक आहे. महालनोबिस यांचे म्हणणे असे, की वर्तुळाकार, अगदी लहान क्षेत्र कापून पुष्कळ ठिकाणांहून नमुने घ्यावेत आणि हे काम महसूल खात्याकडे न देता प्रशिक्षित स्वतंत्र पाहणीदारांकडे द्यावे. सुखात्मे यांनी मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हावर प्रयोग करून दाखविले, की अतिलहान क्षेत्र घेतल्यास उत्पादन लक्षणीय प्रमाणात फुगते. कारण साधे आहे. कडेवरचे रोप आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, असा प्रश्न पडला की माणसाचा हात ते आत ओढतो. क्षेत्र जितके लहान, तितकी त्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस मीटरमागे कडेची लांबी सव्वातीन मीटरहून अधिक भरते. पाच मीटर बाय पाच मीटरच्या चौकोनात ती एक मीटरही नसते. चौपट कड म्हणजे चुकीला चौपट वाव.

चौकोनाच्या आकाराबाबत सुखात्मे यांचे म्हणणे टिकले. पण काम कोणी करावे, या प्रश्नावर महालनोबिस यांची शंका निराधार नव्हती, हे पुढील काळाने दाखविले. देशाने सुखात्मे-पानसे यांची पद्धत स्वीकारताना कामाची जबाबदारी राज्यांच्या महसूल व कृषी यंत्रणेवरच ठेवली. आज ज्या केंद्रातून उपग्रहाच्या साह्याने पिकांचे अंदाज काढले जातात, त्याला मात्र महालनोबिस यांचेच नाव देण्यात आले आहे. २०१२ मध्ये नवी दिल्लीत सुरू झालेले ते केंद्र केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या अधीन आहे.

पाव किलोचा फरक

प्रत्यक्ष प्रयोग कसा होतो? निवडलेल्या गावातील त्या पिकाच्या गट क्रमांकांची यादी करून यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून शेते निवडली जातात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, पुन्हा यादृच्छिक संख्येनुसार, लांबी आणि रुंदीच्या बाजूने पावले मोजून एक बिंदू ठरवितात. तेथे खुंटी ठोकून दोरीने चौकोन आखला जातो. बहुतेक राज्यांत अनेक पिकांसाठी तो पाच मीटर बाय पाच मीटरचा असतो, काही पिकांसाठी मोठा. उत्तर प्रदेशात दहा मीटर बाजूचा समभुज त्रिकोण घेण्याची प्रथा आहे. चौकोनातील पीक कापून, मळून, उफणून दाणे तोलले जातात. ओलावा उडून किती घट येते, हे पाहण्यासाठी काही नमुने वाळवून पुन्हा तोलतात.

पंचवीस चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा चारशेवा भाग. तेथे तराजूवर एक किलोचा फरक पडला, तर कागदावर हेक्टरी चार क्विंटलचा फरक पडतो. पाव किलोची चूक म्हणजे हेक्टरी एक क्विंटल. पाव किलो गहू ओंजळभरसुद्धा उधळला जाऊ शकतो. ताडपत्री फाटकी असली, दोरी थोडी सैल राहिली किंवा सायंकाळ होत आल्याने मळणी घाईत उरकली, तरी तेवढे घडते. महाराष्ट्रात हे काम महसूल, ग्रामविकास आणि कृषी या तिन्ही खात्यांच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांत वाटलेले आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या पदांची नावे अलीकडे बदलून अनुक्रमे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी करण्यात आली. पदनाम बदलले तरी कामाचा ढीग तोच आहे. मार्च महिना म्हणजे वसुलीचा, लेखापूर्तीचा काळ. गव्हाची कापणीही त्याच सुमारास येते. शेतकऱ्याला कापणी यंत्र मिळाले की तो सरकारी माणसाची वाट पाहत थांबत नाही, आणि थांबावे तरी का? अवकाळी पाऊस डोक्यावर असतो. २०२३ च्या मार्चमध्ये गारपिटीने राज्यातील रब्बी पिकांची जी अवस्था केली, ती पाहता त्याच्या घाईला नावे ठेवता येणार नाहीत.

इतकी वर्षे या साऱ्याची चर्चा संख्याशास्त्रज्ञांपुरती मर्यादित होती. पीक विम्याने ती प्रत्येक शेतकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आणली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई थेट पीक कापणी प्रयोगाशी जोडलेली आहे. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीम स्तराने गुणून उंबरठा उत्पादन ठरते. चालू हंगामातील उत्पादन त्यापेक्षा जितके टक्के कमी, तितके टक्के विमा संरक्षित रक्कम मिळते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या महसूल मंडळात गव्हाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १४ क्विंटल आहे आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ३०,००० रुपये. प्रयोगांची सरासरी साडेदहा क्विंटल आली, तर घट २५ टक्के आणि भरपाई ७,५०० रुपये. तीच सरासरी साडेअकरा क्विंटल आली, तर भरपाई सुमारे ५,३५० रुपयांवर येते. म्हणजे हेक्टरी एका क्विंटलमागे, अर्थात चौकोनातील पाव किलोमागे, मंडळातील प्रत्येक विमाधारकाचे हेक्टरी दोन हजारांहून अधिक रुपये हलतात. मंडळ स्तरावर किमान दहा प्रयोग अपेक्षित असतात. दहांच्या सरासरीवर हजारो शेतकऱ्यांची रक्कम ठरते. कर्मचाऱ्यावर गावाचा दबाव उत्पादन कमी दाखविण्याचा, तर विमा कंपनीच्या प्रतिनिधीचा ओढा ते जास्त दिसण्याकडे. प्रयोगांची वैधता नाकारून कंपन्यांनी आक्षेप नोंदविल्याची आणि भरपाई महिनोन्महिने अडकल्याची उदाहरणे देशाच्या अनेक भागांत घडली आहेत.

महाराष्ट्रात २०२५ च्या खरीप हंगामापासून या चौकोनाचे वजन आणखी वाढले. एक रुपयात पीक विमा ही योजना बंद झाली. शेतकऱ्याला पुन्हा खरिपासाठी दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के हप्ता भरावा लागू लागला. त्याहून महत्त्वाचा बदल असा, की स्थानिक आपत्ती, हंगामाच्या मध्यावरील प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणे आणि काढणीपश्चात नुकसान या चार घटकांखालील भरपाई वगळण्यात आली. केवळ पीक कापणी प्रयोगातून येणारे उत्पादन, हा एकमेव निकष उरला. बोगस अर्जांचे प्रमाण पाहता सरकारला काहीतरी करणे भाग होते, हे नाकारता येत नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी व पुराने शेते वाहून गेली आणि राज्य सरकारला ऑक्टोबरात ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर करावे लागले. विम्यातून काय मिळणार, याचे उत्तर मात्र कापणी प्रयोगांची आकडेवारी येईपर्यंत कोणाकडेच नव्हते. नदीकाठच्या शेताचे सर्वस्व गेले आणि टेकडीवरच्या शेताला काही झाले नाही, तर मंडळाची सरासरी दोघांनाही एकाच मापाने मोजते.

उपग्रह काय पाहतो

यावर उपाय म्हणून तंत्रज्ञानाकडे बोट दाखविले जाते. २०२३ पासून भात आणि गहू या पिकांसाठी विम्यातील उत्पादन ठरविताना किमान ३० टक्के भार उपग्रह व अन्य तंत्रज्ञानावर आधारित अंदाजाला देण्याची पद्धत केंद्राने आणली. पेरणीखालील क्षेत्राच्या बाबतीत महाराष्ट्राने २०२१ मध्ये ई-पीक पाहणी राज्यभर लागू केली आणि शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर करण्याची सोय झाली. क्षेत्राची मोजणी यामुळे सुधारेल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. एकाच शेतात गहू आणि शेजारी हरभरा असेल तर उपग्रहाची ओळख गोंधळते, तेथे शेतकऱ्याने जागेवर काढलेले छायाचित्र उपयोगी पडते.

उत्पादकतेचे तसे नाही. उपग्रह पिकाची हिरवाई, तिचा विस्तार आणि ती कधी ओसरते हे पाहतो. दाण्याचे वजन त्याला दिसत नाही; ते तापमान, पाणी आणि पानांची स्थिती यांवरून गणिताने ताडावे लागते. ते गणित बेतण्यासाठी आणि तपासण्यासाठी जमिनीवरचे खरे आकडे लागतात, आणि ते आकडे येतात पीक कापणी प्रयोगांतूनच. दोरी सैल असेल, तर उपग्रहही सैल दोरीचेच गणित शिकतो.

या साऱ्या प्रश्नांवर एक सविस्तर उत्तर २०११ मध्येच देण्यात आले होते. चेन्नईच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेशी दीर्घकाळ संबंधित असलेले अर्थतज्ज्ञ प्रा. ए. वैद्यनाथन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कृषी आकडेवारीच्या सुधारणेबाबत अहवाल सादर केला. समितीचे म्हणणे थोडक्यात असे होते, की देश आणि राज्य पातळीवरील विश्वसनीय अंदाजासाठी लक्षावधी गावांत धावाधाव करण्याची आवश्यकता नाही. सुमारे १५,००० गावांचा काळजीपूर्वक निवडलेला नमुना पुरेसा आहे. मात्र त्या गावांतील काम पूर्णवेळ, प्रशिक्षित आणि व्यावसायिक यंत्रणेकडे असावे आणि त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय पीक सांख्यिकी केंद्र उभारावे. महालनोबिस यांनी १९४० च्या दशकात मांडलेली स्वतंत्र पाहणीदारांची कल्पनाच या शिफारशीतून पुन्हा डोके वर काढते.

विम्याने मात्र नेमकी उलट दिशा धरली. भरपाई गावाच्या पातळीवर हवी, म्हणून प्रयोगांची संख्या वाढत गेली आणि तेच काम त्याच कर्मचाऱ्यांच्या अंगावर पडले. राष्ट्रीय अंदाजासाठी थोडे आणि अचूक प्रयोग हवेत, विम्यासाठी पुष्कळ आणि स्थानिक. दोन वेगळ्या गरजांसाठी एकच चौकोन वापरला जात आहे, आणि ही गल्लत दूर केल्याखेरीज दोन्हींपैकी एकही काम नीट होईल असे दिसत नाही. समितीने सुचविलेले केंद्र उभारून राष्ट्रीय अंदाज विम्यापासून वेगळा करणे, तो कृषी मंत्रालयाच्या दैनंदिन धोरणगरजांपासून दूर ठेवणे आणि एका संख्येऐवजी संभाव्य चुकीच्या मर्यादेसह जाहीर करणे, हे तुलनेने कमी खर्चाचे काम आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये १,११३ लाख टन या एका आकड्याऐवजी, मार्चचे तापमान सरासरीहून वाढल्यास उत्पादन इतक्या लाख टनांनी घटू शकते, असा इशारा सोबत असता, तर निर्यातीचे करार करणाऱ्या व्यापाऱ्यांनी, गहू राखून ठेवावा की विकावा या विवंचनेतील शेतकऱ्यांनी आणि साठा भरू पाहणाऱ्या दक्षिणेतील गिरण्यांनी आपापले हिशेब वेगळे मांडले असते.

येत्या हंगामातही फेब्रुवारीत पिकाचा आकडा जाहीर होईल. तोवर गव्हाच्या अनेक शेतांत ओंबी बाहेर पडलेली असेल, दाणा मात्र चिकातच असेल.